काळ्या दगडाच्या मुलखात अश्मयुगीन हत्यार कसे ओळखावे आणि कसे नोंदवावे

पुराश्मयुगातल्या, म्हणजे अश्मयुगाच्या सर्वांत जुन्या टप्प्यातल्या, माणसाची हाडे भारतात जवळजवळ मिळतच नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशातल्या हथनोरा इथे, नर्मदेच्या काठच्या गाळात, कवटीचा भाग सापडला. आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा मानवी जीवाश्म आजही तोच आहे. दगडी हत्यारे मात्र विपुल आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरममध्ये एक हत्यार ओळखले आणि भारतातला हा अभ्यास सुरू झाला. महाराष्ट्रात प्रवरेकाठचे नेवासे आणि चिरकी, गोदावरीवरचे गंगापूर, कुकडीवरचे बोरी, कऱ्हेवरचे मोरगाव, चाळीसगावजवळचे पाटणे ही ठिकाणे अभ्यासकांना परिचित आहेत. आपल्या भूमीवर माणूस कधीपासून होता आणि तो काय करत होता, हे बव्हंशी या दगडांकडूनच कळते.

अडचण अशी की दख्खनमध्ये फुटका दगड पावलोपावली पडलेला असतो. त्यातला माणसाने घडवलेला कोणता आणि उन्हाने, पाण्याने, नांगराने किंवा खडी फोडण्याच्या यंत्राने फुटलेला कोणता, हे ठरवायला एकच एक खूण पुरत नाही. चार-पाच खुणा एकाच दगडावर जुळून याव्या लागतात, आणि असे अनेक दगड एकाच जागी मिळावे लागतात. म्हणूनच दगडाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल त्याच्या जागेला आहे. जागेवरून उचलून घरातल्या कपाटात ठेवलेले हत्यार दिसायला सुंदर राहते, पण त्याची साक्ष संपते.

कुठे आणि केव्हा पाहावे

काळ्या मातीच्या सपाट शेतात जुनी हत्यारे क्वचितच वर दिसतात, कारण ती खालच्या थरांत गाडलेली असतात. नदी किंवा ओढ्याने काठ उभा कापला असेल तिथे पाहा. अशा दरडीत बऱ्याचदा तळाशी खडक, त्यावर गोट्यांचा आणि भरड वाळूचा घट्ट थर, त्यावर पिवळसर गाळ व चुनखडीचे खडे आणि सर्वांत वर काळी माती असा क्रम दिसतो. मोठी हत्यारे बहुतेकदा गोट्यांच्या थरात असतात. नव्या विहिरीतून काढलेला मलबा, कालव्याची कड, मुरमाची खाण, उतारावर पावसाने पाडलेल्या घळी याही चांगल्या जागा आहेत. मलब्यातल्या दगडाची मूळ खोली कळत नाही, ही त्यातली उणीव. ज्याने विहीर खणली त्याला लगेच विचारले तर पुष्कळदा ‘एवढ्या हातांवर गोटे लागले’ असे नेमके उत्तर मिळते. तेही लिहून घ्यावे.

फेब्रुवारी ते मे हा काळ सोयीचा, कारण गवत वाळलेले असते आणि पात्र उघडे असते. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतरही एकदा फेरी मारावी, धुतलेल्या पृष्ठभागावर दगड उठून दिसतात. ऊन तिरपे हवे, म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. डोक्यावरच्या उन्हात बेसॉल्टवरचे, म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडावरचे, खळगे सपाट दिसतात आणि अनुभवी नजरही चुकते. उभ्या दरडीच्या अगदी पायथ्याशी बसू नये. वाळू उपसलेल्या काठांच्या दरडी खालून पोकळ झालेल्या असतात आणि कोरड्या दिवसातही ढासळतात.

सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी, मोजफीत, कोनमापक, होकायंत्र, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान वजनकाटा, वही, पेन्सिल आणि फोन ठेवा. कुदळ, खुरपे, हातोडी मुळीच नको.

माणसाच्या ठोक्याची खूण

बारीक कणांच्या दगडावर कडेपाशी दुसऱ्या गोट्याने नेमका ठोका दिला की एक तुकडा सुटतो, त्याला छिलका म्हणतात. ज्या दगडातून तो निघाला तो गाभा. छिलक्यावर या क्रमाने पाहा.

आधी ठोक्याची जागा शोधा. छिलक्याच्या एका टोकाला लहानसा सपाट भाग असतो, ठोका तिथे बसलेला असतो. हा भागच नसेल तर तो एकतर मोडलेला आहे किंवा दगड नैसर्गिकरीत्या फुटलेला आहे. त्याच्या लगेच खाली, आतल्या गुळगुळीत बाजूवर, फुगवटा दिसतो. फुगवट्यापासून खालच्या टोकाकडे पसरत जाणारी वर्तुळाकार वलये असतात, आणि कधी कधी फुगवट्यावरच एक बारीक टवका उडालेला असतो. आता छिलका उलटा करून बाहेरची बाजू पाहा. तिथे आधी निघालेल्या छिलक्यांचे खळगे आणि त्यांच्यामधल्या धारा दिसतात. नुसता फुगवटा अपघातानेही तयार होतो. पण फुगवटा आहे, मागे एकाच दिशेने निघालेले तीन-चार खळगे आहेत आणि ठोक्याची जागाही शाबूत आहे, असा दगड निसर्गात सहसा घडत नाही.

गारगोटी, अकीक, जास्पर, चर्ट या दगडांवर या खुणा लख्ख दिसतात. बेसॉल्ट आणि डोलेराइटवर त्या पुसट असतात, कारण कण भरड असतात आणि वरची साल कुजलेली असते. तिथे फुगवटा डोळ्यांपेक्षा अंगठ्याच्या पोटाने लवकर कळतो. वलये न दिसणे हा बेसॉल्टच्या बाबतीत दोष धरू नये.

गाभ्यावर आणि घडवलेल्या हत्यारांवर कोन मोजा. ज्या पृष्ठावर ठोका दिला ते पृष्ठ आणि जिथून छिलका निघाला ते पृष्ठ यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी असावा लागतो. तो बहुधा ६० ते ८० अंशांच्या आसपास भरतो. कोन ९०च्या पुढे गेला की छिलका नीट सुटतच नाही, त्यामुळे घडवणारा तिथे थांबतो किंवा गाभा फिरवतो. नैसर्गिक आघातांना असे थांबणे माहीत नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आपोआप फुटलेले चकमकीचे दगड आदिमानवाची हत्यारे म्हणून मांडले गेले आणि तो वाद कित्येक वर्षे चालला. तेव्हा आल्फ्रेड बार्न्स यांनी १९३९ मध्ये हाच कोन मोजण्याची कसोटी पुढे आणली. एखाद्या जागचे पुरेसे दगड मोजून त्यांतले चतुर्थांशाहून अधिक कोन विशाल निघाले तर माणसाचे काम असल्याचा दावा करू नये, असा तिचा रोख आहे. एकट्या दगडाला ही कसोटी लावून उपयोग नाही.

दख्खनमध्ये फसवणारे दगड

सर्वांत जास्त फसगत बेसॉल्टच्या पापुद्र्यांमुळे होते. हा खडक कुजताना कांद्यासारखा थरथराने सुटतो आणि वक्र, पातळ, धारदार कडेचे तुकडे खाली पडतात. आकार अगदी छिलक्यासारखा! पण ठोक्याची जागा नसते, दोन्ही बाजू सारख्याच कुजलेल्या असतात आणि जाडी सगळीकडे जवळपास एकच असते. शेजारच्या खडकाकडे नजर टाकली की तोच पापुद्रा अर्धवट चिकटलेला दिसतो.

दुसरे फसवे दगड आगीचे. डोंगरउतारावरचे वणवे आणि कोकणातली राबभाजणी यांत गारगोटीचे टवके आपोआप उडतात. त्यांच्या जागी उथळ, गोल खळगी राहते. ती दगडाच्या मधोमधही असते, कडेशी तिचा संबंध नसतो आणि ठोक्याचा बिंदू कुठेच सापडत नाही. दगडावर तांबूसपणा आणि केसासारख्या भेगांचे जाळे असेल तर आगीचाच संशय घ्या. मात्र खरे हत्यारही नंतर भाजलेले असू शकते. म्हणून भाजल्याची खूण दिसली तरी बाकीच्या खुणा तपासायच्याच.

रस्त्याची खडी आणि रेल्वेमार्गाची गिट्टी ओळखायला सोपी. सगळी पृष्ठे सारखीच ताजी, कोन वाटेल तसे, आणि दाब बसला तिथे पांढुरके चुरडलेले ठिपके. आज रस्ता दूर असला तरी जुन्या गाडीवाटेवर खडी टाकलेली असू शकते. पाथरवटाने जाते-पाटा घडवला त्या जागेचे छिलके मात्र खरोखर माणसाने काढलेले असतात. तिथे लोखंडी छिन्नीची सरळ, अरुंद खाच शोधा. चकमकीने विस्तव पाडण्यासाठी वापरलेली गारगोटी अशीच गोंधळात टाकते. तिच्या कडेवर एकावर एक पायऱ्यांसारखे तुटलेले बारीक टवके असतात आणि भिंगाखाली गंजाचे डाग दिसतात. नांगराचा फाळ किंवा रोटाव्हेटरचे पाते लागले तरी गंजाची रेघ उमटते.

गुरांच्या खुरांखाली आलेल्या पातळ छिलक्याच्या कडेला बारीक टवके उडतात. ते पाहून ‘कड मुद्दाम घडवली आहे’ असे वाटते. खुरांचे टवके कधी वरच्या, कधी खालच्या बाजूला, विस्कळीत अंतरांवर असतात. मुद्दाम घडवलेल्या कडेवर ते एकाच बाजूने, सलग आणि साधारण सारख्या आकाराचे असतात.

यानंतर पृष्ठभागाची साल पाहा. बेसॉल्टचा आतला रंग काळा-करडा असतो आणि उघड्यावर राहून त्यावर पिवळसर तपकिरी साल धरते. सगळ्या खळग्यांवर सारखीच साल असेल तर ते एकाच काळात पडले असावेत. तपकिरी दगडावर एकच काळाभोर खळगा असेल तर तो कालपरवाचा घाव आहे. दोन वेगवेगळ्या जाडीच्या साली दिसल्या तर जुने हत्यार नंतरच्या कोणी पुन्हा घडवले असण्याची शक्यता आहे. ही नोंद फार मोलाची. पण सालीची जाडी मोजून वय काढता येत नाही. ओलावा, माती, सावली यांनी ती जागोजागी बदलते.

कोणते हत्यार आहे?

हातकुऱ्हाड दोन्ही बाजूंनी छिलके काढून घडवलेली, एका टोकाला निमुळती, सहसा १० ते २० सेंटिमीटर लांब असते. बाजूने धरून पाहिले तर दोन्ही पृष्ठांच्या मधून जाणारी धार कडेभर फिरलेली दिसते. क्लीव्हरला टोक नसते, रुंद आडवी धार असते, आणि ती धार पुन्हा घडवलेली नसते. मूळ मोठा छिलका काढतानाच ती नैसर्गिक धार मिळेल अशी योजना केलेली असते. म्हणजे पहिला ठोका देण्याआधीच शेवटचा आकार डोक्यात होता. मानवी बुद्धीच्या वाटचालीचा याहून थेट पुरावा हातात धरता येईल असा दुसरा नाही, आणि म्हणूनच क्लीव्हर ओळखायला प्रत्येकाने शिकावे. हातकुऱ्हाड आणि क्लीव्हर ही पूर्व पुराश्मयुगातल्या अश्यूलियन परंपरेची मुख्य हत्यारे. चिरकीला गुद्रुन कोर्विनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात याच परंपरेच्या वस्तीचे उत्खनन केले.

त्यानंतरच्या काळात मोठी हत्यारे कमी होतात आणि गारगोटी, चर्ट, जास्परचे मध्यम छिलके, तासण्या व अणकुचीदार टोके दिसू लागतात. ह. धी. सांकलिया यांनी नेवाशाच्या अशा हत्यारांवरूनच ‘नेवासियन’ हे नाव रूढ केले. त्यापुढे लांब पाती येतात. लांबी रुंदीच्या किमान दुप्पट आणि कडा समांतर असल्या तर त्याला पाते म्हणावे. शेवटी बोटाच्या पेराएवढी सूक्ष्मास्त्रे.

इथे एक चूक सर्रास होते. पातळ, सुबक पाते सापडले की ते दहा-वीस हजार वर्षांचे ठरवून टाकले जाते. ताम्रपाषाणयुगातले, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातले, शेतकरीही गारगोटीची पाती भरपूर वापरत. इनामगाव आणि नेवासे इथल्या जोर्वे संस्कृतीच्या वस्त्यांत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही, ती होती. पात्यांबरोबर तांबड्या रंगावर काळ्या नक्षीची खापरे असतील तर आधी ताम्रपाषाणयुगाचा विचार करा.

आकारावरून काळाचा अंदाज येतो, वय मात्र येत नाही. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कममध्ये शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी अश्यूलियन थरांचे वय किमान १०.७ लाख आणि सरासरी सुमारे १५ लाख वर्षे काढले, ते गाडल्या गेलेल्या क्वार्ट्‌झमधल्या बेरिलियम व अॅल्युमिनियमच्या समस्थानिकांवरून आणि थरांच्या चुंबकीय दिशेवरून. त्याच ठिकाणी मध्य पुराश्मयुगीन तंत्र सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी दिसते, ते वय गाळाचे कण शेवटचे कधी उन्हात होते हे मोजून मिळाले. आपल्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झच नसल्यामुळे त्यापासून बनलेल्या हत्यारांवर पहिली पद्धत चालत नाही, आणि म्हणून महाराष्ट्रातली वये काढणे कठीण जाते. बोरीच्या ज्वालामुखी राखेचे उदाहरण बोलके आहे. त्याच राखेला एका मोजणीने सुमारे १४ लाख, दुसरीने ६ लाख ७० हजार वर्षे दिली, आणि काही अभ्यासकांनी ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली. एवढी साधने हाताशी असूनही तज्ज्ञांचे एकमत होत नसेल, तर हातातल्या सुट्या दगडाला ‘पाच लाख वर्षांपूर्वीचा’ म्हणू नये. ‘होमो इरेक्टसचे (एका नामशेष मानवजातीचे) हत्यार’ असेही लिहू नये. हत्याराजवळ हाड सापडलेले नसताना घडवणारा कोण होता ते ठरत नाही.

जागेवरची नोंद

दगड थरात रुतलेला असेल तर त्याला हात लावू नका. तो हलला की भोवतालचा गाळ उन्हात येतो आणि वय काढण्याची सर्वांत चांगली संधी जाते. फक्त फोटो घ्या, नदीच्या तळापासून आणि वरच्या जमिनीपासून त्याचे अंतर मोजा, थरांचे रेखाटन करा.

सुटा पडलेला दगड मोजता येतो, पण मोजून झाल्यावर त्याच जागी, तसाच परत ठेवावा. तो धुऊ नका, घासू नका, त्यावर खडूने लिहू नका. भिंगाखाली पाहायच्या बारीक खुणा त्यात जातात. लांबी ठोक्याच्या दिशेत, रुंदी तिला काटकोनात आणि जाडी सर्वांत जाड भागी मोजा. वजन, दगडाचा प्रकार, सालीचा रंग आणि कडा किती झिजल्या आहेत हेही लिहा. कडा ताज्या असतील तर हत्यार फार वाहून आलेले नाही. पूर्ण गोलावल्या असतील तर ते नदीने दुरून आणले आहे, आणि मूळ वस्ती वरच्या अंगाला शोधावी लागेल.

फोटोत दोन्ही पृष्ठे, दोन्ही कडा आणि दोन्ही टोके यायला हवीत. उजेड वरच्या डाव्या बाजूने यावा, छिलक्याची ठोक्याची जागा खाली असावी. पट्टी जमिनीवर ठेवू नका, दगडाच्या वरच्या पृष्ठाच्या पातळीला उचलून धरा. नाहीतर पट्टी कॅमेऱ्यापासून दूर राहते आणि दगड आहे त्यापेक्षा मोठा भासतो. फोन अगदी जवळ नेल्यास आकार वाकडा येतो, थोडे मागे सरून दुप्पट झूम करा. शिवाय परिसराचा एक फोटो उत्तर दिशेच्या बाणासह हवाच.

अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. फोन उघड्या आकाशाखाली दोन मिनिटे स्थिर धरून मगच आकडे उतरवा, तरीही पाच-दहा मीटरची चूक गृहीत धरा. म्हणून ‘पुलापासून प्रवाहाच्या खालच्या अंगाला, डावा काठ, जुन्या वडाच्या समोर’ अशी शब्दांतली खूणही हवी. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली स्थानाची माहिती गळते आणि चित्र दाबले जाते. मूळ फाइल ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एकापेक्षा जास्त दगड दिसले तर सुंदर तेवढेच नोंदवण्याचा मोह टाळा. चौघांनी पाच-पाच मीटर अंतराने सरळ रेषेत चालावे, आणि दगडांची दाटी जिथे असेल तिथे दोरी-खुंट्यांनी एक मीटरचा चौरस आखून त्यातला प्रत्येक तुकडा मोजावा, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान टवकेसुद्धा. हे टवके असतील तर हत्यारे बहुधा तिथेच घडली. नसतील तर पाण्याने ते वाहून नेले असावेत. कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला के. पद्दय्या यांच्या चमूने चुनखडकाच्या उघड्या थरावर चालणारा हत्यारांचा कारखानाच उजेडात आणला, तो अशा टाकाऊ तुकड्यांकडे लक्ष दिल्यामुळे.

नजर तयार व्हावी म्हणून स्वतः दगड फोडून पाहणे फार उपयोगाचे, पण ते घराजवळ करा, ओढ्याकाठी नको. साधारण अर्धा किलोचा गोल गोटा, संरक्षक चष्मा, मांडीवर जाड चामडे, नाकावर मास्क आणि उघडी हवा एवढे लागते. खाली ताडपत्री अंथरा. सगळा चुरा गोळा करून खड्ड्यात पुरा, आणि त्यात आजचे एक नाणे टाका, म्हणजे पुढच्या पिढीतल्या संशोधकाची दिशाभूल होणार नाही.

कोणाला कळवायचे

१९७२च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परवान्याशिवाय विकणे आणि खासगीरीत्या देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. सुट्टीत गावी आलेल्या परदेशस्थ नातेवाइकांनाही हे सांगावे. आठवण म्हणून बॅगेत टाकलेला दगड विमानतळावर अडचणीत आणू शकतो.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहा. एका पानात गाव-तालुका-जिल्हा, अक्षांश-रेखांश, जमीन कोणाची, दगड थरात की पृष्ठभागावर, साधारण किती, कोणत्या प्रकारचा दगड आणि पाहिल्याची तारीख द्या, सोबत थरांचे रेखाटन व मूळ फोटो जोडा. वयाचा दावा करू नका, समाजमाध्यमांवर नेमके ठिकाण टाकू नका. काठावर वाळूउपसा किंवा मुरमाची खोदाई सुरू असेल तर पत्राच्या पहिल्याच ओळीत ते लिहा आणि त्याच दिवशी तलाठी व तहसीलदारांनाही प्रत द्या. पत्राची पोच घ्या, आणि पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच दिशेने दरडीचा दुसरा फोटो काढून पाठवा.